आठवडाभराचा पाहुणा : लूना पतंग

पंख फुटल्यापासून मरेपर्यंत अन्नाचा एक कणही न खाणारा जीव तुम्हाला ठाऊक आहे? उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील जंगलांत राहणारा लूना पतंग हा तसा जीव आहे. त्याच्या तोंडाचे अवयव खुंटलेले असतात. अळी असताना अक्रोड, हिकरी, बर्च अशा झाडांची पाने खाऊन जी शिदोरी साठवली, तिच्यावरच तो जेमतेम आठवडाभर जगतो.

लूना म्हणजे चंद्र. त्याला ओळखणे अगदी सोपे आहे. फिकट पोपटी पंख, पुढच्या पंखांना जांभळट-तपकिरी किनार, प्रत्येक पंखावर डोळ्यासारखा ठिपका, पांढरे लोकरी अंग आणि मागे दोन लांब शेपट्या. पंख पसरले की रुंदी दहा सेंटिमीटरच्या आसपास भरते. नराच्या शृंगिका पिसासारख्या रुंद असतात, तर मादीच्या बारीक. मादी जागेवर बसून गंध सोडते, नर त्याचा माग काढत येतो आणि मध्यरात्रीनंतर मीलन होते.

शेपट्या केवळ शोभेच्या नाहीत. वटवाघूळ आवाजाच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य शोधते. उडताना गरगरणाऱ्या शेपट्या त्याला चकवतात आणि घाव अंगाऐवजी शेपटीवर पडतो. अमेरिकी शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये प्रयोगाने हे दाखवून दिले. शेपट्या काढलेले पतंग वटवाघळांच्या तावडीत जास्त सापडले.

माणसाच्या उपद्व्यापांपुढे मात्र शेपट्यांचा उपयोग नाही. झाडे बोडकी करणाऱ्या एका परदेशी पतंगाच्या बंदोबस्तासाठी १९०६ मध्ये युरोपातून एक परजीवी माशी अमेरिकेत आणली गेली. तिची पिले देशी पतंगांच्या अळ्याही आतून पोखरतात. लूनाचा कोष पानात गुंडाळलेला असतो आणि पानगळीत जमिनीवर पडतो. पालापाचोळा जाळला की तोही जळतो. शिवाय रात्रभर जळणाऱ्या दिव्याभोवती घिरट्या घालण्यात मोजक्या रात्रींतली एखादी वाया जाते.

म्हणून पतंग पाहायचा तर पांढरी चादर टांगून थोडा वेळ दिवा लावावा, पंखांना हात न लावता निरीक्षण करावे आणि दिवा मालवावा. याच लूनाचा भाऊबंद असलेला भारतीय चंद्रपतंग आपल्या सह्याद्रीतही आढळतो. पावसाळ्यात तो तुमच्या अंगणातल्या दिव्यावर आला, तर त्यालाही एवढे सौजन्य दाखवा!