तोळाभर शिसें कीं दहा मासे तांबें ?

इंग्रजी अमदानींत तोळा बरोबर १८० ग्रेनांचा ठरविला गेला होता, आणि रुपयाचें नाणेंही त्याच वजनाचें असे. घरांतील वडील माणसांस हें सोन्याच्या हिशेबामुळें ठाऊक असेल. नवल असें कीं, अमेरिकेच्या रॉकी पर्वतांत एल्क नांवाच्या, आपल्या सांबराच्या भाऊबंदामागें हिंडणारे शिकारीही याच तोळ्याभोंवतीं गेलीं कित्येक वर्षें वाद घालीत आले आहेत. बंदुकीची गोळी तोळाभर असावी कीं दहा मासे, हा तो वाद. आपल्याकडे १९७२ चा वन्य जीव संरक्षणाचा कायदा व त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनीं शौकाची शिकार संपविली. तेव्हां वाचकांस या माहितीचा प्रत्यक्ष उपयोग नाहीं हें उघड आहे. तथापि या वादाच्या मुळाशीं असलेलें पदार्थविज्ञान मोठें गमतीचें आहे, आणि त्याचा एक धागा जेवणाच्या ताटापर्यंत येऊन पोंचतो.

प्रथम जुनी रीत पाहूं. या शिकारींत पुष्कळ वापरलें जाणारें काडतूस म्हणजे अमेरिकन सैन्यानें १९०६ सालीं स्वीकारलेलें ‘थर्टी-ऑट-सिक्स’. त्याची नेहमींची गोळी आंतून शिशाची, वर तांबेमिश्रित धातूचें पातळ वेष्टन. शिसें मऊ; जनावराच्या अंगांत शिरतांच तें पसरतें, जखम रुंद होते व प्राण लवकर जातो. पण पसरतां पसरतां तें फुटतेंही. हाडावर आदळलेल्या साध्या गोळीचा तिसरा हिस्सा, कधीं त्याहूनही अधिक, वाटेंतच तुकड्यातुकड्यांनीं गळून पडतो. म्हणून तीनशें किलोंच्या जनावरासाठीं जुने शिकारी जड गोळी घ्यावयास सांगत. तोळाभर निघाली तर आंत आठ मासे तरी पोंचेल, असा तो व्यवहारी हिशेब होता. आणि शिशापुरता तो आजही चुकीचा नाहीं.

१९८९ मध्यें बार्न्स कंपनीच्या रँडी ब्रूक्स यांनीं निव्वळ तांब्याची गोळी बाजारांत आणली. आंत शिसें नाहीं, वेष्टन नाहीं. सबंध गोळी एकाच धातूची, आणि टोंकाशीं एक पोकळ भोंक. ओल्या मांसांत शिरतांच त्या भोंकांत दाब उत्पन्न होऊन टोंक चार पाकळ्यांनीं उमलतें. मागचा दांडा अखंड राहून खोल जातो. पाकळी तुटली नाहीं तर जवळजवळ सर्व वजन शिल्लक राहतें. आतां वजाबाकी करून पाहा. १८० ग्रेनची शिशाची गोळी तिसरा हिस्सा गमावून १२० ग्रेनवर, म्हणजे आठ माशांवर येते. तांब्याची १५० ग्रेनची, दहा माशांची गोळी शेवटपर्यंत दहा माशांच्या आसपासच असते. निघतांना हलकी ती पोंचतांना जड ठरते ! ज्यानें आयुष्यभर तोळ्याचा जप केला त्यास हें सहजासहजीं पटत नाहीं, यांत त्याचा फारसा दोष नाहीं.

मग तांब्याचीच तोळाभर गोळी कां घेऊं नये, असें कोणी विचारील. शिशाचें विशिष्टगुरुत्व सुमारें ११.३, तांब्याचें ८.९. जाडी व वजन तेंच ठेविलें तर तांब्याची गोळी लांबच करावी लागते. ती काडतुसांत खोल बसून दारूची जागा खाते, आणि हवेंत सरळ राहण्यासाठीं तिला नळीच्या आंतील पीळही अधिक लागतो. उलट १५० ग्रेनची तांब्याची गोळी लांबीनें तोळाभर शिशाच्या जवळ जाते. बंदुकीस ती परकी वाटत नाहीं.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगाची. तांबें शिशापेक्षां कठीण. पाकळ्या उमलावयास गोळी लक्ष्यावर आदळतांना सेकंदास १,८०० ते २,००० फूट वेग असावा लागतो. दहा माशांची गोळी नळींतून सुमारें २,९०० फूट वेगानें निघते, तोळ्याची २,७०० फुटांनीं. दूर अंतरावर जड गोळी आपला वेग अधिक राखते हें खरें. पण तो लाभ जेथें दिसूं लागतो तेथें तांबें उमलेल कीं नाहीं याचीच शंका, व तेथून बार टाकूंच नये, असें आमचें मत आहे. न उमललेली गोळी बारीक भोंक पाडून पार होते, आणि तें जनावर जखम घेऊन तासन्‌तास रानांत तडफडतें. तीनशें यार्डांच्या आंत जाण्याचा धीर ज्यास नाहीं त्यानें ही गोळी हातीं धरूं नये. मूससारख्या त्याहूनही प्रचंड प्राण्यासाठीं कोणी अकरा मासे, म्हणजे १६५ ग्रेन, पसंत करतात. तेंही गैर नव्हे. आरंभीच्या गोळ्या नळींत तांब्याचा थर सोडीत व दाबही वाढवीत. २००३ मध्यें अंगावर खांचा पाडलेली गोळी निघाली, तेव्हां ती तक्रार पुष्कळशी मिटली.

आतां ताटाकडे वळूं. शिशाचे जे तुकडे गळतात ते डोळ्यांस दिसणारही नाहींत इतके बारीक असतात. २००८ सालीं नॉर्थ डाकोटा संस्थानांत गरिबांना वांटावयाच्या हरणाच्या मांसाची क्ष-किरणांनीं तपासणी झाली. त्यांत शिसें आढळल्यानें तें मांस टाकून देण्याची सूचना झाली. लहान मुलांच्या मेंदूस शिसें किती घातक, हें सांगावयास नकोच. रानांत टाकलेलीं आंतडीं खाणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या कॉण्डर गिधाडांची तर दैनाच झाली. १९८२ मध्यें सगळ्या जगांत तीं अवघीं २२ उरलीं होतीं. पिंजऱ्यांत वाढवून तीं पुन्हां मोकळीं सोडण्यांत आलीं, तरी त्यांच्या मृत्यूचें मोठें कारण शिशाचें विषच राहिलें. आपलीं गिधाडें गेलीं तीं गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक औषधानें. २००६ मध्यें गुरांसाठीं तें बंद झालें. कारण निराळें, पण दोन्हीकडे विष मेलेल्या जनावरांतूनच गेलें. कॅलिफोर्नियानें १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारींत शिशाच्या गोळ्यांस मनाई केली.

तेथील शिकाऱ्यास त्यामुळें तांब्याकडे वळणें भाग पडलें. तो प्रथम कागदाच्या निशाणावर दहा व अकरा माशांच्या गोळ्या झाडून पाहतो; कोणत्या गोळीचीं भोकें एकमेकांस चिकटून पडतात तें पाहून निवड करतो, कारण प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. शिकारींत बहुधा गोळी आरपार जाऊन मातींत नाहींशी होते. क्वचित् पलीकडच्या कातड्याखालीं अडकलेली सांपडली, तर तो ती धुऊन, पाकळ्या मोजून, घरच्या लहान तराजूंत घालतो.