इसब ओळखावा कसा?

अंगाला खाज सुटली म्हणून दवाखान्यात येणाऱ्या बहुतेक रुग्णांनी आपले निदान घरीच केलेले असते. कोणी 'गजकर्ण' म्हणतो, कोणी 'इसब', कोणी 'उष्णता बाहेर पडली' म्हणतो, तर कोणी 'रक्त बिघडलंय, तपासून द्या' असा आग्रह धरतो. सोबत अर्धी पिळलेली एखादी ट्यूबही असते, बहुधा मेडिकल दुकानातून विचारून आणलेली. या ट्यूबमुळेच पुष्कळदा साधा आजार अवघड होऊन बसतो. म्हणून आज इसब, म्हणजेच एक्झिमा, कितपत आढळतो आणि त्याचे निदान कसे करतात, ते पाहू.

इसब म्हणजे त्वचेचा दाह. तो जंतूंमुळे किंवा बुरशीमुळे होत नाही. सुरुवातीला जागा लालसर होते, बारीक पाण्याचे फोड येतात, लस वाहते आणि खपली धरते. महिनोन्महिने खाजवून तीच जागा जाड, खरखरीत व काळपट होते. आपल्या सावळ्या वर्णावर लाली नीट दिसत नाही. चट्टा जांभळट किंवा करडा दिसतो, त्यामुळे पुष्कळांचे सुरुवातीला दुर्लक्ष होते. मात्र खाज असतेच. खाज नसेल तर इसबाचा विचार डॉक्टरही मागे ठेवतात.

किती आढळतो?

लहान मुलांचा इसब बहुधा जन्मजात प्रवृत्तीतून येतो. त्याला 'अ‍ॅटोपिक' इसब म्हणतात. घरात कोणाला दमा, कोणाला सकाळी उठल्याबरोबर शिंका, अशी ही घराणी असतात. अशा पुष्कळ मुलांच्या त्वचेचा बाहेरचा थर कच्चा असतो. भिंतीच्या विटांमधला चुना झडावा तसे होते. आतला ओलावा उडून जातो आणि बाहेरचे त्रासदायक पदार्थ आत शिरतात.

अनेक देशांतील मुलांची पाहणी करून 2009 साली एक मोठा अहवाल प्रसिद्ध झाला. सहा-सात वर्षांच्या मुलांत इसबाचे प्रमाण आपल्याकडे जोधपूरला शेकडा 0.9 इतके कमी, तर दक्षिण अमेरिकेतील इक्वेडोरमध्ये शेकडा 22.5 इतके जास्त आढळले. श्रीमंत देशांत साधारण पाच मुलांमागे एकाला हा त्रास होतो. म्हणजे आपल्याकडे प्रमाण कमी आहे, पण शाळेच्या प्रत्येक पटावर अशी एक-दोन मुले असू शकतात.

मोठ्यांमध्ये बाहेरच्या पदार्थाच्या स्पर्शाने होणारा इसब बराच दिसतो. गवंड्याच्या हाताला सिमेंटमधील क्रोमेटने, बायकांच्या कानाला व मनगटाला नकली दागिन्यांतील निकेलने, पायाला चपलेच्या पट्ट्याच्या रबराने किंवा चामड्याने इसब होतो. लसूण सोलणाऱ्या गृहिणीची पाकळी धरणारी बोटे तेवढीच फुटतात. शेतकऱ्यांत गाजर गवताचा इसब दिसतो. हे गवत 1955-56 च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेले आणि पुढे देशभर पसरले. त्याचे कण वाऱ्याने उडतात, म्हणून चेहरा, मान, पापण्या असे उघडे भाग आधी धरतात.

निदान कसे होते?

इसब ओळखणारी कोणतीही एक रक्ततपासणी नाही. निदान होते ते डोळ्यांनी पाहून आणि प्रश्न विचारून. मुलांच्या इसबासाठी ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांनी 1994 साली एक सोपी कसोटी ठरवली आणि ती आजही वापरात आहे. गेल्या वर्षभरात खाज हवीच. शिवाय पुढील पाचपैकी किमान तीन गोष्टी हव्यात.

1. कोपराची खोबण, गुडघ्यामागील लवण, घोट्याचा पुढचा भाग किंवा मान येथे पूर्वी त्रास झालेला असणे.
2. स्वतःला दमा किंवा शिंकांची अ‍ॅलर्जी असणे. चार वर्षांखालील मुलाच्या बाबतीत ती आईवडिलांना किंवा भावंडांना असली तरी चालते.
3. वर्षभरात सर्वांगाची त्वचा कोरडी असणे.
4. तपासताना सांध्यांच्या घडीत इसब दिसणे.
5. दोन वर्षे वयाच्या आत सुरुवात झालेली असणे. मूल चार वर्षांखालचे असेल तर हा मुद्दा धरत नाहीत.

तान्ह्या मुलांत मात्र घडीऐवजी गाल आणि हातापायांचा बाहेरचा भाग आधी धरतो.

स्पर्शाच्या इसबाची शंका असेल तर पाठीवर संशयित पदार्थांच्या पट्ट्या चिकटवून 48 तासांनी काढतात व त्वचा पाहतात. ही 'पॅच टेस्ट'. गजकर्णाची शंका असेल तर कडेची खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधतात. ही तपासणी स्वस्त असते आणि लवकर होते. त्वचेचा तुकडा काढून तपासण्याची वेळ क्वचितच येते.

दिसायला सारखे, मुळात वेगळे

गजकर्ण किंवा नायट्याचा चट्टा कडेने वाढत जातो. कड उठावदार असते आणि मधला भाग साफ दिसतो. खरजेची खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर व बेंबीभोवती पुरळ दिसते आणि घरातले दोघे-तिघे खाजवत असतात. सोरायसिसमध्ये कोपर, गुडघे व डोक्यावर चंदेरी पापुद्र्यांचे जाड चट्टे येतात. आणि चट्टा खाजत नसेल, त्यावर स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी विनाविलंब करावी. सरकारी दवाखान्यात त्याचे उपचार मोफत आहेत व रोग पूर्ण बरा होतो.

हा फरक महत्त्वाचा का? इसबावर डॉक्टर स्टेरॉइडचे मलम देतात. योग्य ताकदीचे, ठरावीक दिवस लावले तर ते उत्तम औषध आहे. तेच मलम गजकर्णावर लावले तर खाज दोन दिवसांत थांबते, लाली उतरते आणि रुग्ण खूश होतो. आत बुरशी मात्र मोकाट पसरते. चट्ट्याचे मूळ रूपही बदलते, त्यामुळे पुढच्या डॉक्टरला तो ओळखणे कठीण जाते. बाजारात स्टेरॉइड, बुरशीनाशक व जंतुनाशक एकत्र केलेल्या ट्यूब मिळतात. 'कशावरही चालते' म्हणून घेतल्या जातात त्या याच. चेहऱ्यावर किंवा जांघेत त्या महिनोन्महिने लावल्यास त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात, पांढरे वळ उमटतात. 2018 साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी घातली, ती याच कारणाने.

दोन गैरसमजही दूर व्हायला हवेत. इसब संसर्गजन्य नाही. अशा मुलाला वेगळे ताट देण्याची किंवा शाळेत शेवटच्या बाकावर बसवण्याची गरज नाही. दुसरा समज असा की, इसब 'दाबला' की आत जाऊन दमा होतो. दमा आणि इसब यांची प्रवृत्ती मुळात एकच, म्हणून एकाच मुलाला आधी इसब व पुढे दमा झालेला दिसतो. उपचार केल्याने दमा होत नाही, तेव्हा या भीतीपायी मुलाला खाजवत ठेवू नये.

डॉक्टरांकडे जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब व चिठ्ठ्या बरोबर न्या. नाव आठवत नसेल तर रिकामी ट्यूबही चालेल. त्रास कुठे सुरू झाला, कोणत्या ऋतूत वाढतो, कोणत्या कामानंतर वाढतो, घरात आणखी कोणाला खाज आहे का, हे आठवून ठेवा. तोवर कडक पाणी व उग्र साबण टाळा आणि अंघोळ होताच ओलसर अंगावर खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावा. चट्ट्यात पू झाला, ताप आला किंवा दुखऱ्या फोडांचे पुंजके उठले तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.