कोबा घोटणाऱ्या हातांविषयीचे गैरसमज

काँक्रीट ओतलं, पट्टी ओढली, थापी फिरवली की झालं. फिनिशिंगचं काम म्हणजे एवढंच, असं यवतमाळच्या ठिय्यावर कामाची वाट बघणाऱ्या पोराला वाटतं आणि घर बांधणाऱ्या मालकालाही. त्यामुळे गवंड्याच्या हाताखाली चार दिवस काढलेला कुणीही हे करू शकेल, असं सगळे धरून चालतात.

प्रत्यक्षात या कामातलं खरं कसब थांबण्यात आहे. पट्टीने पातळी आली, लाकडी रंधा फिरला की थोड्या वेळाने वर पाणी सुटतं. ते पाणी असतानाच घोटाई केली तर वरचा थर कच्चा राहतो, पुढे पोपडे निघतात आणि फरशी धूळ सोडू लागते. म्हणून कसलेला कारागीर ओली चमक जाईपर्यंत हात लावत नाही. मग बूट ठेवून बघतो. ठसा साधारण 3 ते 6 मिलिमीटर उमटला, की घोटाईचं यंत्र फिरवायची वेळ झाली. सुटलेलं पाणी टिपायला कोरडं सिमेंट भुरभुरण्याची युक्ती आपल्याकडे फार लाडकी. त्या दिवशी फरशी आरशासारखी दिसते, मालक खूश होतो. साल निघायला लागते तोवर हिशेब चुकता झालेला असतो.

ही वेळ ओळखणं यवतमाळात आणखी अवघड. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर आणि वर कोरडा वारा. वरचं पाणी भराभर उडून जातं, आत मात्र माल मऊच असतो. मग घोटाईआधीच बारीक भेगा पडतात. उन्हाळ्यातल्या कामासाठी भारतीय मानक 7861 आहे. ओतताना काँक्रीट 40 अंशांहून गरम नसावं, असं ते सांगतं. खडीवर पाणी मारणं, पाण्याची टाकी सावलीत ठेवणं, काम पहाटे किंवा दिवस कलल्यावर काढणं हे उपाय साधे आहेत, पण ठेकेदाराच्या घाईत तेच आधी गळतात.

‘काँक्रीट वाळलं की पक्कं होतं’ हा तर सगळ्यांत जुना गैरसमज. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाण्याच्या रासायनिक क्रियेने होतं, आणि त्या क्रियेला ओल लागते. कोरड्या, उष्ण हवेत किमान 10 दिवस पृष्ठभाग सतत ओला ठेवा, असं भारतीय मानक 456 म्हणतं. मिश्र सिमेंट असेल तर 14 दिवसांची शिफारस आहे. आता बाजारात बहुतेक गोण्या मिश्र सिमेंटच्याच असतात, हे लक्षात घ्या.

माल सरकत नाही म्हणून वरून बादलीभर पाणी ओतणं हीही तशीच खोड. घराच्या साध्या आरसीसी कामात सिमेंटच्या वजनाच्या 0.55 पट पाणी ही कमाल मर्यादा. म्हणजे 50 किलोच्या गोणीला साडेसत्तावीस लिटर, तेही रेतीतली ओल धरून.

यंत्रं आली, आता हाताला काम उरणार नाही, असंही बोललं जातं. गोदामाच्या ट्रिमिक्स फरशीवर यंत्र फिरतं हे खरं. पण कोपरे, खांबांच्या कडा, जिन्याच्या पायऱ्या हातानेच होतात, आणि यंत्र चालवायलाही वेळ ओळखणारा माणूसच लागतो. रस्त्याच्या काँक्रीटमध्ये जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोल सांधे कापायचे असतात. उशीर झाला, तर काँक्रीट आपल्या मर्जीने तडकतं.

मग काम जिल्ह्यात आहे का? झरी-जामणी तालुक्यात मुकुटबनला वर्षाला 39 लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना 2022 मध्ये सुरू झाला. नागपूर-तुळजापूर महामार्ग यवतमाळवरून जातो, बेंबळा प्रकल्पाच्या कालव्यांना काँक्रीटचं अस्तर लागतं. मोठे ठेकेदार मात्र बऱ्याचदा आपली टोळी बाहेरून आणतात. गावातला कारागीर त्या टोळीत शिरायचा, तर त्याच्या हातात कौशल्याइतकाच कागदही हवा. आयटीआयमध्ये गवंडीकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. अनुभवातून शिकलेल्यांना पूर्वज्ञानाच्या चाचणीवर प्रमाणपत्र मिळवण्याची सोय केंद्राच्या कौशल्य योजनेत आहे. दहावी नापासाचं हे काम, असं नाक मुरडणाऱ्यांनी मिश्रणाचं गणित एकदा करून बघावं.

‘सिमेंटने काय होतं, हात धुतले की झालं’ ही समजूत मात्र अंगाशी येते. ओलं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं. बुटात शिरलेला माल तासभर राहिला तरी कातडी भाजू शकते, आणि सुरुवातीला दुखतही नाही. कोरडं कापताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसात बसते. तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. गमबूट, रबरी हातमोजे, मास्क आणि कापताना पाण्याची धार, एवढं ठेकेदाराकडून मागून घ्यावंच.

या कामात उतरणाऱ्याने आणखी एक करावं. वय 18 ते 60 असेल आणि मागच्या वर्षभरात 90 दिवस बांधकामावर काम केलं असेल, तर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. त्यासाठी प्रत्येक काम संपताच ठेकेदाराकडून दिवसांचा दाखला लिहून घ्या; टोळी दुसऱ्या जिल्ह्यात गेली, की तो मिळणं कठीण.