मुरगळलेला घोटा
पाय मुरगळला कीं घरांत आंबेहळदीचा लेप निघतो, चार दिवस लंगडणें होतें आणि प्रकरण मिटतें. बहुधा मिटतेंही. परंतु महिने लोटले तरी घोट्याच्या आंत खोल कळ येत असेल, तर वडील मंडळींनीं ‘जुनी लचक’ म्हणून तिची बोळवण करूं नये. साध्या क्ष-किरणचित्रांत हें दुखणें पुष्कळदां दिसत नाहीं, एम्. आर्. आय्. काढावें लागतें.

घोट्यांतील टॅलस नांवाच्या हाडाच्या माथ्यावर एक-दीड मिलीमीटर जाडीचें कूर्चेचें गुळगुळीत अस्तर असतें. मुरगळतांना हाडावर हाड आदळून त्याचा टवका उडतो. मोडलेलें हाड सांधतें. कूर्चा सांधत नाहीं, कारण तिच्यांत रक्तवाहिन्याच नसतात. ती भरून येत नाहीं, हें विल्यम हंटर यानें १७४३ सालींच नमूद केलें होतें.

म्हणून शस्त्रवैद्य तेथें रक्त आणवितो. दुर्बिणीनें सांध्यांत शिरून सैल कूर्चा खरवडतो व खालच्या हाडास बारीक छिद्रें पाडितो. वर आलेलें रक्त थिजून कालांतरानें नवें अस्तर धरतें. तें मूळच्या तोडीचें नसतें. जखम दीड सेंटिमीटरच्या आंत असल्यास बरें साधतें. मोठ्या जखमेस गुडघ्याच्या कडेची, कूर्चेसह हाडाची खुंटी काढून बसवितात. त्यापायीं धड गुडघाही कधीं दुखूं लागतो, हें आम्हांस सांगितलेंच पाहिजे.

पुढें कित्येक आठवडे पायावर भार द्यावयाचा नाहीं. रुग्ण घरची सून असली, तर स्वयंपाकघर तोंवर कोणी सांभाळावयाचें, हें शस्त्रक्रियेच्या तारखेआधीं ठरवावें.