घरचं इलेक्ट्रॉनिक्स (भाग ७) : भोकं मोजू नका, पकड पाहा

अच्छाडला मुंबई–अहमदाबाद महामार्ग महाराष्ट्राची हद्द ओलांडतो. तलासरी ते अच्छाड या टापूत नाक्यांवर, कारखान्यांच्या फाटकांशी आणि रस्त्याकडेच्या धर्मकाट्यांवर दिवसभर ट्रक तोलले जातात. या काट्याच्या पोटात काय असतं ते मागच्या भागात पाहिलं. फलाटाखाली पोलादी लोडसेल, त्यांवर चिकटवलेले स्ट्रेन गेज आणि त्या गेजांचा व्हीटस्टन ब्रिज. भार आला की पोलाद केसभर दबतं, गेजचा रोध किंचित बदलतो आणि ब्रिजच्या दोन टोकांत इवलंसं व्होल्टेज उमटतं. दहा व्होल्ट दिले तर पूर्ण भाराला वीस मिलिव्होल्ट, एवढाच सगळा कारभार.

याच जातीचा छोटा काटा आपण बनवायला घेणार आहोत, चिकूचं एक क्रेट तोलण्यापुरता. वजनाच्या घरगुती काट्यात असतात तसे पन्नास किलोचे चार लोडसेल, ब्रिजचं इवलंसं व्होल्टेज वाढवून आकड्यात आणणारं एचएक्स ७११ चं मॉड्यूल आणि एक आर्डुइनो नॅनो एवढं सामान पुरतं. हे सगळं जोडायचं ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता भोकांत वायरी खोचायच्या बोर्डावर. इथेच बहुतेकांचा काटा बिघडतो, आणि दोष मात्र लोडसेलला दिला जातो.

थोडा हिशेब करू. चार सेल मिळून क्षमता दोनशे किलो. पूर्ण भारावर एका व्होल्टला एक मिलिव्होल्ट धरला, तर पाच व्होल्टवर पाच मिलिव्होल्ट मिळतात, म्हणजे किलोमागे पंचवीस मायक्रोव्होल्ट. या सेलना तीन-तीन वायरी असतात. चौघांचा मिळून एक ब्रिज करताना एका सेलची वायर दुसऱ्या सेलच्या वायरीला जोडावी लागते, आणि हा सांधा ब्रिजच्या भुजेतच येतो. भुजेचा रोध सुमारे दोन हजार ओहम. सांधा ब्रेडबोर्डच्या भोकात केला आणि तिथला रोध एका ओहमच्या शंभराव्या भागाने जरी हलला, तरी ब्रिजवर सहा मायक्रोव्होल्ट चढतात किंवा उतरतात. म्हणजे पाव किलो! क्रेट जागचं हललेलं नाही, कुणी टेबलाला धक्का दिला एवढंच, आणि चिकू पाव किलोने वाढले.

म्हणून ब्रेडबोर्ड घेताना दुकानात ‘किती भोकांचा?’ हा प्रश्न दुय्यम आहे. भोकाखाली दडलेली स्प्रिंगची पट्टी वायर किती घट्ट धरते, हे आधी पाहायचं.

बोर्ड उलटा करून मागचा फोमचा थर सोलला तर आतली रचना दिसते (नव्या बोर्डाचा सोलू नका). पाच भोकांखाली धातूची एकच पट्टी असते. तिला पाच जोड्या पाकळ्या असतात आणि वायर त्या पाकळ्यांत शिरते. भोकाभोकांतलं अंतर २.५४ मिलिमीटर, इंचाचा दहावा भाग. मधली खाच ओलांडून समोरासमोरच्या भोकांत ७.६२ मिलिमीटर राहतात, कारण आयसीचे पाय तेवढ्या अंतरावर असतात. कनेक्टिकटमधल्या ई अँड एल इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीच्या रोनाल्ड पोर्तुगाल यांनी १९७१ साली हा नमुना पेटंटसाठी दाखल केला. त्यानंतर मापं जवळपास तीच राहिली. बदलत गेला तो पाकळ्यांचा धातू. चांगल्या बोर्डात तो लवचीक मिश्रधातू असतो, वर निकेलचा मुलामा. स्वस्त बोर्डातली पट्टी पातळ असते. दहा-वीस वेळा वायर घातली-काढली की ती दबते आणि परत उभी राहत नाही.

बाहेरून दोन्ही बोर्ड सारखेच दिसतात. म्हणून दुकानात जाताना खिशात पाव वॉटचा एखादा रेझिस्टर ठेवा. चार-पाच वेगवेगळ्या भोकांत त्याचा पाय घालून पाहा, कोपऱ्यातल्या भोकांत तर नक्कीच. पाय आत जाताना सगळीकडे सारखाच अडला पाहिजे. कुठे सुळकन गेला, कुठे वाकला, तर तो बोर्ड खाली ठेवा. मग बोर्ड उलटा धरून झटका द्या. रेझिस्टर पडला तर तुमचे पैसे वाचले. दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या तरी चालेल.

हे सगळं करायचं तर दुकान गाठायला हवं. अच्छाडहून वापी जवळ आहे, पण चार दुकानांत चार प्रकार हाताळायचे असतील तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पाटीवरचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ग्रँट रोड स्थानकापासून चालत जाता येतं, आणि २०१३ पासून डहाणू रोडहून लोकल आहेच. घरपोच मागवलेल्या बोर्डाची पकड आधी तपासता येत नाही. तसा मागवायचाच असेल तर एक मागवा, तपासा, मग वर्गासाठी डझनभर घ्या.

आता आकार. दुकानात ‘जीएल-१२’ म्हणून मिळतो तो ८४० भोकांचा, ‘एमबी-१०२’ ८३० चा. त्याखाली ४०० चा अर्धा आणि १७० चा बोटभर. या काट्यासाठी ४०० चा पुरेसा आहे, पण मी ८३० चाच सुचवेन, कारण पुढच्या भागांत डिस्प्ले येईल, बटणं येतील. १७० चा घेऊ नका, त्याला कडेच्या सप्लायच्या पट्ट्याच नसतात. नॅनोचे पाय बोर्डावर बसले की एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला तीन भोकं मोकळी राहतात, काम भागतं. रुंद ईएसपी-३२ बसवलात तर एखादीच रांग उरते, कधी तीही नाही. मग दोन बोर्ड खाचेत खाच अडकवून शेजारी लावायचे आणि मॉड्यूल दोघांवर तंगड्या टाकून बसवायचं.

मोठ्या बोर्डात आणखी एक चकवा असतो. कडेची लाल-निळी रेघ मध्यावर तुटलेली दिसली तर खालची पट्टीही बहुधा तिथेच तुटलेली असते. अर्ध्या बोर्डाला सप्लाय, अर्ध्याला नाही. विद्यार्थी प्रोग्राम तपासत बसतो आणि चूक निघते पट्टीत. मल्टिमीटर बीपवर ठेवून दोन टोकं तपासा. बीप आला नाही तर मध्ये एक तुकडा जोडून टाका.

बोर्डाइतकीच वायर महत्त्वाची. सिंगल स्ट्रँड हवी, जाडी अर्धा ते पाऊण मिलिमीटर. जुन्या टेलिफोन केबलमधली किंवा लॅन केबलमधली तार उत्तम चालते. मात्र लॅन केबल अस्सल तांब्याची घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार दोन वाकवण्यांत तुटते, आणि तुकडा भोकातच राहतो. तयार जंपर वायरी सोयीच्या खऱ्या, पण स्वस्त जंपरची पिन आणि तार यांचा सांधाच ढिला असतो.

लोडसेलच्या वायरी बारीक आणि मल्टिस्ट्रँड असतात. त्या भोकात कोंबायच्या नाहीत. त्यांना बर्ग स्ट्रिपचा तुकडा सोल्डर करा आणि ती पिन बोर्डात घाला. ब्रिजच्या भुजेतले ते चार सांधे तर बोर्डावर आणूच नका. सेलच्या वायरी एकमेकींना सोल्डर करून वर स्लीव्ह चढवा. बोर्डावर फक्त चार वायरी येऊ द्या: सप्लायच्या दोन, सिग्नलच्या दोन. सिग्नलच्या वायरींतून करंट नावालाच वाहतो, त्यामुळे तिथे दोन-चार मिलिओहम इकडेतिकडे झाले तरी काट्याला फरक पडत नाही. सगळा काटा बोर्डावरच करायचा हट्ट धरला की पाव किलोचं भूत मागे लागतं. बोर्डाला झेपेल तेवढंच त्याच्यावर ठेवा.

त्याला आणखी काय झेपत नाही? एक अँपिअरच्या वरचा करंट नको. मोटर, पंप, सोलेनॉइड यांचा मुख्य मार्ग बाहेरून न्या. घरातली २३० व्होल्टची लाइन तर कधीच नाही, एका रिलेपुरतीसुद्धा नाही. ७८०५ सारख्या रेग्युलेटरचे जाड पाय पाकळ्या कायमच्या फाकवतात, तेव्हा त्यांनाही बारीक तार सोल्डर करून आणा. शेजारच्या दोन पट्ट्यांत दोन-पाच पिकोफॅरडची धारकता असतेच. पाच पिकोफॅरडचा अडथळा एक किलोहर्ट्झला तीनेक कोटी ओहम, म्हणजे नसल्यात जमा. एफएमच्या शंभर मेगाहर्ट्झला तोच सव्वातीनशे ओहमवर येतो. एफएम ट्रान्समीटर ब्रेडबोर्डवर का चालत नाही, या प्रश्नाचं हे उत्तर.

हवेचंही पाहायला हवं. डहाणूकडची खारी हवा आणि इकडचा पाऊस या बोर्डांचे वैरी. जूनपासून बोर्ड झिपच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. अटल टिंकरिंग लॅब २०१६ नंतर अनेक शाळांत आल्या. तिथे किंवा आयटीआयत बोर्ड बऱ्याच हातांतून जातात, म्हणून सत्राच्या सुरुवातीला रेझिस्टरचा पाय घेऊन ढिली भोकं शोधा आणि त्यांवर मार्करने फुली मारा. अर्ध्या बोर्डावर फुल्या आल्या तर तो फेकून द्या. शंभरेक रुपयांच्या वस्तूपायी मुलांच्या तासिका वाया घालवण्यात शहाणपण नाही.

काटा नीट चालला तरी त्याच्यावर तोलून माल विकता येणार नाही. २००९ च्या वैध मापन कायद्याप्रमाणे व्यापारातल्या काट्याला पडताळणी आणि शिक्का लागतो. आपला काटा शिकण्यापुरता आणि घरातल्या अंदाजापुरता.

पुढच्या भागात हीच जुळणी झिरो पीसीबीवर उतरवायची आहे. तोवर एक किलो मिठाची न फोडलेली पिशवी काट्यावर ठेवा, दर तासाला येणारा आकडा वहीत लिहा, आणि ती वही पुढच्या आठवड्यात जवळ ठेवा.