१८५८ च्या जंगलात गाजरगवत?

ऐतिहासिक युद्धपटातल्या चुका शोधायला सगळ्यांनाच आवडतं. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या मातीतलं युद्ध पडद्यावर आलं, तर त्यातल्या चुका पकडणार कोण? उत्तर सोपं आहे. तुम्ही!

डिसेंबर २०२२ आठवतो? महेश मांजरेकरांच्या ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ या चित्रपटातली अक्षय कुमारची पहिली झलक आली. शिवाजी महाराजांच्या वेशात तो चालत येतो आणि वर झुंबर. झुंबरात काय? विजेचे बल्ब! महाराजांचा काळ १६३० ते १६८०. एडिसनला बल्बचं पेटंट मिळालं १८८० मध्ये. म्हणजे चुकलं ते थेट दोनशे वर्षांनी. मग काय, मीम्सचा पाऊस पडला.

आता जरा थांबून विचार करा. तो बल्ब सगळ्यांना का दिसला? कारण महाराजांचा काळ महाराष्ट्रातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. उद्या बाबुराव शेडमाकेंच्या लढ्यावर भव्य युद्धपट आला आणि त्यात असाच एखादा ‘बल्ब’ राहून गेला, तर तो कुणाला दिसेल?

त्याआधी एक घोळ मिटवू. आपण सगळ्याच चुकांना ‘मिस्टेक’ म्हणून मोकळे होतो, पण त्यांचे तीन प्रकार आहेत आणि तिघांचं वजन वेगवेगळं आहे.

पहिला प्रकार : कंटिन्युइटी तुटली

सिनेमा गोष्टीच्या क्रमाने शूट होत नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. पडद्यावरची पाच मिनिटांची लढाई कधीकधी कित्येक दिवस शूट होत असते. सकाळी घेतलेल्या शॉटमध्ये सावल्या एका बाजूला, दुपारनंतरच्या शॉटमध्ये दुसऱ्या. नायकाच्या डाव्या गालावरची जखम पुढच्या शॉटमध्ये उजवीकडे. कपाळावरचं रक्त कधी जास्त, कधी कमी. घोडा थकला म्हणून दुसरा आणला, तर त्याच्या पायावरचा पांढरा पट्टाच गायब.

हे सांभाळायला सेटवर एक खास माणूस असतो, स्क्रिप्ट सुपरवायझर. प्रत्येक टेकनंतर तो फोटो काढतो, नोंदी ठेवतो. तलवार कोणत्या हातात होती, शेल्याची गाठ कुठे होती, संवादाच्या कोणत्या शब्दावर मान वळली, सगळं. तरी युद्धाच्या प्रसंगात शेकडो माणसं, धूळ, धूर आणि घोडे असतात. काहीतरी सुटतंच. ‘ग्लॅडिएटर’ (२०००) मध्ये रोमन रथ उलटतो आणि मागे गॅसचा सिलिंडर दिसतो. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या २०१९ च्या एका भागात टेबलावर चक्क कॉफीचा कप राहिला होता. पण ‘ग्लॅडिएटर’ला सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर मिळालंच ना? अशा चुकांवर हसायचं आणि पुढे जायचं.

दुसरा प्रकार : काळ चुकला

झुंबरातला बल्ब यातला. सलगता कितीही नीट असली, अगदी प्रत्येक शॉटमध्ये तोच बल्ब त्याच जागी असला, तरी तो त्या काळात नव्हताच. इथे चूक सेटवरच्या धावपळीची नसते, अभ्यासाची असते.

आता येऊ आपल्या जंगलात. मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातल्या बाबुराव शेडमाकेंनी १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव केला. १३ मार्चला नांदगाव-घोसरीजवळ पहिली मोठी चकमक झाली. २९ एप्रिलला अहेरी भागातल्या चिंचगुंडीत तारखात्याच्या तळावर हल्ला झाला, त्यात गार्टलंड आणि हॉल हे दोघे मारले गेले. सप्टेंबरमध्ये बाबुराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली.

समजा, याच्यावर चित्रपट निघाला. शूटिंग आपल्याच जंगलात. कॅमेरा लागला, बाबुराव झुडपातून डोकावतात आणि त्यांच्या पायाशी गाजरगवत! आता यात काय बिघडलं? हे गवत मूळचं अमेरिका खंडातलं. भारतात त्याची दखल घेतली गेली ती १९५० च्या दशकात, पुण्यात. त्यानंतर ते देशभर पसरलं. म्हणजे १८५८ च्या फ्रेममध्ये गाजरगवत दिसणं आणि महाराजांच्या झुंबरात बल्ब दिसणं, दोन्ही सारखंच. फरक एवढाच की गाजरगवतावर मीम कुणी बनवणार नाही.

एका ओळीत शिस्तीत उभे असलेले एकाच वयाचे साग दिसले, तर ती वनखात्याची लागवड. चांद्याच्या परकोटाचा शॉट घेताना मागे वीज केंद्राच्या चिमण्या आल्या, तर संपलंच. पडद्यावर ‘गडचिरोली जिल्हा, १८५८’ अशी पाटी आली, तर लक्षात ठेवा, हा जिल्हा चांद्यातून वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. बाबुरावांना पकडायला इंग्रज अधिकारी रेल्वेतून उतरला, तर तेही साफ चूक, कारण रेल्वे नागपूरलाच मुळी १८६७ मध्ये पोचली.

पण एक गंमत सांगते. त्याच चित्रपटात जंगलातून जाणारी टेलिग्राफची तार दिसली, तर लगेच ओरडू नका. चिंचगुंडीचा हल्ला तारखात्याच्याच माणसांवर झाला होता. म्हणजे इथे रेल्वे यायच्या आधी तार आली होती. चूक वाटणारी प्रत्येक गोष्ट चूक नसते. म्हणून कमेंट टाकण्याआधी तारीख तपासायची.

जंगलाचं कॅलेंडर

उठाव मार्चमध्ये पेटला आणि ऑक्टोबरमध्ये फाशीने संपला. या आठ महिन्यांत आपलं जंगल किती वेळा रूप बदलतं, ते तुम्हाला सांगायला नको. मार्चमध्ये पळस लालभडक, पहाटे मोहफुलं खाली पडलेली. एप्रिल संपताना साग बोडका, पायाखाली वाळकी पानं, चाललं की कुरकुर आवाज. पावसाळ्यात दहा हातांवरचा माणूस दिसत नाही, नाले तुडुंब. ऑक्टोबरमध्ये धान पिवळं पडायला लागलेलं.

चित्रपटवाले मात्र सोयीच्या दिवसांत येणार. हिवाळ्यात येऊन महिना-दीड महिन्यात सगळं उरकणार. मग मार्चची चकमक आणि सप्टेंबरची अटक एकाच हिरव्यागार जंगलात. मुंबई-पुण्यातल्या प्रेक्षकाला कळणारही नाही. तुम्हाला मात्र पहिल्याच शॉटमध्ये कळेल.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? झाडीपट्टीच्या नाटकात नाही का, दिवाळीपासून होळीपर्यंत तोच रंगवलेला जंगलाचा पडदा चालतो? चालतो ना. कारण तिथे पडदा हा पडदाच आहे, हे नाटकवाल्यांनाही माहीत असतं आणि रात्रभर बसलेल्या प्रेक्षकांनाही. सिनेमा मात्र ‘हे असंच घडलं’ म्हणून दाखवतो.

शिवाय ऋतू म्हणजे नुसता देखावा नव्हे. एप्रिलच्या उघड्या जंगलात लपायचं कसं? वाळक्या पानांवरून रात्री गुपचूप चालायचं कसं? पावसाळ्यात बंदुकीची दारू कोरडी ठेवायची कशी? हे प्रश्न इंग्रजांना होते, तसेच बाबुरावांच्या माणसांनाही होते. ऋतू काढून टाकला, तर त्यांचं डोकं कसं चाललं असेल, हेच पडद्यावरून पुसलं जातं. ‘ब्रेव्हहार्ट’ (१९९५) मध्ये हेच झालंय. स्टर्लिंग ब्रिजची लढाई स्कॉटिश सैन्याने १२९७ मध्ये जिंकली ती अरुंद पुलाचा फायदा घेऊन. चित्रपटात लढाई आहे, पूलच नाही! मग उरते नुसती मारामारी.

तिसरा प्रकार : माणूसच चुकला

हा सगळ्यात जड. आदिवासी पात्र दाखवायचं म्हटलं की डोक्यात पिसं, गळ्यात हाडं, तोंडाने हुर्र हुर्र आणि शेकोटीभोवती नाच. हा ठरलेला ड्रेस किती चित्रपटांतून फिरतोय! बस्तरकडच्या माडियांचा शिंगांचा मुकुट हा नाचाचा साज आहे, तो चढवून कुणी रानात लढायला जात नाही. गोंडी बोलणारी माणसं, ज्यांच्या राजांनी बल्लारपूरला आणि चांद्याला किल्ले उभे केले, ती पडद्यावर बिनभाषेची, बिनकपड्यांची दिसली, तर ती चूक स्क्रिप्ट सुपरवायझरच्या वहीत सापडणार नाही. सगळ्या शॉट्समध्ये पिसं अगदी जुळलेली असतील. कंटिन्युइटी परफेक्ट, माणूस खोटा.

आणि इथेच खरी काळजी आहे. १८५८ च्या या उठावाची लेखी माहिती बरीचशी इंग्रजांच्याच कागदांतून आलेली. आपल्याकडे आहेत त्या आजी-आजोबांनी सांगितलेल्या गोष्टी, गाणी आणि हे जंगल. चुकीचा चित्रपट हिट झाला, तर पुढच्या पिढीच्या डोळ्यांसमोर तोच बाबुराव राहील.

म्हणून चुका पकडायला लाजू नका, पण नुसतं ट्रोलिंग करण्यात वेळही घालवू नका. तुमच्यापैकी कुणी वनस्पतिशास्त्र शिकतंय, कुणी इतिहास, कुणाच्या घरी गोंडी बोलतात, कुणी तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटे उठून रानात जातं. चित्रपटाच्या टीमला नेमकी हीच माहिती शोधत फिरावं लागतं. कॉलेजची शॉर्टफिल्म करताय? एकाने फक्त कंटिन्युइटीची वही सांभाळायची, असं ठरवून टाका. पुढे ते काम म्हणूनही करता येतं.

युद्धपट बघताना हे तपासा

• सावल्या : दोन शॉटमध्ये दिशा बदलली का?

• बंदूक : १८५८ ची ठासणीची बंदूक आहे ना? मग प्रत्येक गोळीनंतर ती परत भरायला हवी. सलग दहा बार उडाले, तर गडबड आहे.

• झाडं : हे झाड तेव्हा इथे होतं का? आणि या महिन्यात असंच दिसतं का?

• माणसं : हे कपडे, ही भाषा, हा साज नक्की कुणाचा? शंका आली, तर आधी घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, गुगलला नंतर.