भूतानचा उंबरठा

अतिथीचा सत्कार करावा ही शिकवण आपणां सर्वांस लहानपणींच मिळालेली असते. परंतु ज्या घरीं पाहुणचार उत्तम होतो त्या घरासही दार असतें, दारास उंबरठा असतो. आणि पाहुणा कितीही जवळचा असला तरी तो पायांतील वहाणा बाहेर काढून, हांक मारून, मगच आंत येतो. ओटीवर कोठें बसावें, माजघरापर्यंत केव्हां जावें, देवघरापाशीं कसें वागावें, हें त्यास कोणी लिहून कळवीत नाहीं. तरी तें त्यास ठाऊक असतें. घराची जी गोष्ट तीच देशाची. हल्लीं कोट्यवधि लोक केवळ पाहण्याच्या हौसेनें परदेशीं जात असतात. अशा काळीं देशानें आपला उंबरठा किती उंच ठेवावा? तो अगदींच नसला तर घराचें काय होतें, आणि फार उंच केला तर ठेंच कोणास लागते? ह्या प्रश्नांचा विचार करण्यास आपल्या शेजारच्या भूतान देशाइतकें बोधप्रद उदाहरण क्वचितच सांपडेल.

हिमालयाच्या दक्षिण उतारावर वसलेलें हें राज्य आकारानें लहान आहे. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ३८,००० चौरस किलोमीटर असून लोकसंख्या आठ लाखांच्या आंतच आहे. म्हणजे महाराष्ट्रांतील बहुतेक जिल्ह्यांची वस्ती ह्या सबंध देशाहून अधिक भरेल. उत्तरेस तिबेट, आणि उरलेल्या तिन्ही बाजूंस भारत. दक्षिणेकडील उष्ण अरण्यांपासून उत्तरेकडील हिमशिखरांपर्यंत पायरीपायरीनें चढत जाणाऱ्या ह्या भूमीचा सुमारें सत्तर टक्के भाग आजही वनाच्छादित आहे. लोक बहुतांशीं बौद्धधर्मी असून ‘झोंग’ नांवाचे किल्लेवजा मठ हे तेथील धर्माचे व राज्यकारभाराचे दोहोंचेही केंद्र होत.

फार दिवसपर्यंत हा देश बाहेरच्या जगास जवळजवळ अज्ञात होता. १९५८ सालीं पंडित जवाहरलाल नेहरू भूतानास गेले, तेव्हां भारतांतून तेथें सरळ जाणारा मोटारचा रस्ताच नव्हता. सिक्कीममधून नथुला खिंड ओलांडून, तिबेटांतील चुंबी खोऱ्यांतून, कांहीं घोड्यावर तर कांहीं पायीं मजल मारीत त्यांस पारो गांठावें लागलें. पुढें तिबेटांतील उलथापालथीमुळें उत्तरेची ती वाट बंद झाली. १९६१ सालीं भारताच्या ‘दंतक’ ह्या रस्तेबांधणी पथकानें भूतानांत काम आरंभिलें, आणि सरहद्दीवरील फुंटशोलिंगपासून डोंगर चढून राजधानी थिंफूकडे जाणारी सडक तयार झाली. १९७४ सालीं तरुण राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक ह्यांचा राज्याभिषेक झाला. त्या समारंभाच्या पाहुण्यांसाठीं बांधलेलीं विश्रामगृहें नंतर परदेशी प्रवाशांस खुलीं करण्यांत आलीं. त्या पहिल्या वर्षीं आलेले प्रवासी अवघे २८७ होते. १९८३ पासून पारोच्या अरुंद खोऱ्यांत विमानें उतरूं लागलीं.

दार उघडतांनाच भूतान सरकारनें एक धोरण मनाशीं पक्कें केलें. पाहुणे थोडे यावेत, परंतु जे येतील त्यांच्यापासून देशास पुरेसें उत्पन्न व्हावें, हें तें धोरण होय. परदेशी प्रवाशानें परवाना असलेल्या संस्थेच्या मार्फतच यावें व दर दिवसास ठराविक रक्कम भरावी, असा नियम झाला. बरींच वर्षें त्या रकमेंत राहणें, जेवण, वाहन व वाटाड्या हें सर्व धरलेलें असे, आणि तिचा कांहीं भाग सरकारच्या तिजोरींत जमा होई. २०२२ सालीं ही पद्धति बदलून सरकारी कर तेवढा वेगळा करण्यांत आला. तो प्रथम दर रात्रीस २०० डॉलर होता. सप्टेंबर २०२३ पासून १०० डॉलर करण्यांत आला. भूतानांत शिक्षण व औषधोपचार सरकार विनामूल्य पुरवितें. तेव्हां पाहुण्याच्या पैशाचा वांटा खेड्यांतील मुलाच्या शाळेपर्यंत पोहोंचावा, असा त्यामागील हेतु आहे.

आतां ह्या धोरणाचा सृष्टीशीं काय संबंध आहे तें पाहूं. पर्वतप्रदेशांतील प्रवाशास जळण, पाणी व मार्ग हीं तिन्ही लागतात, आणि केरकचरा मात्र तो मागें ठेवून जातो. एव्हरेस्टच्या वाटेवर टाकून दिलेले तंबू व प्राणवायूचीं नळकांडीं ह्यांची कथा सर्वश्रुत आहे. भूताननें निराळी वाट धरिली. पर्वतशिखरें हीं देवतांचीं निवासस्थानें होत अशी तेथील लोकांची श्रद्धा. तिला मान देऊन १९९४ सालीं ६,००० मीटरांहून उंच शिखरांवर चढण्यास बंदी झाली, व २००३ सालीं गिर्यारोहण सर्वस्वीं बंद करण्यांत आलें. त्यामुळें ७,५७० मीटर उंचीचें गांगखार पुन्सुम हें शिखर, मनुष्याचें पाऊल न लागलेल्या शिखरांत जगांत सर्वांत उंच म्हणून आजही अस्पर्श उभें आहे. २००८ सालच्या राज्यघटनेंत तर देशाचा निदान साठ टक्के भाग सदैव वनाखालीं राहिला पाहिजे, असें कलमच घातलें आहे.

फोब्जिखा नांवाच्या खोऱ्याची हकीकत विशेष ऐकण्यासारखी आहे. तेथील दलदलींत दर हिवाळ्यास तिबेटच्या पठारावरून काळ्या मानेचे क्रौंच पक्षी उतरतात व थंडी सरतांच परत जातात. खोऱ्यांत वीज आणावयाची वेळ आली तेव्हां प्रश्न पडला : तारा खांबांवरून नेल्या तर उडत्या पक्ष्यांचा घात होणार, न नेल्या तर शेतकऱ्यांनीं अंधारांत राहावयाचें काय? शेवटीं तारा जमिनीखालून नेण्यांत आल्या. वीजही आली आणि पक्षीही राहिले. आज हे क्रौंच पाहण्यासाठीं परदेशचे लोक येतात, गांवकऱ्यांच्या घरीं उतरतात, आणि त्यांपासून गांवास चार पैसे मिळतात. दर वर्षीं ११ नोव्हेंबर रोजीं तेथील मठाच्या आवारांत शाळेंतील मुलें पक्ष्यांचें सोंग घेऊन नाचतात. प्रवासी व सृष्टि ह्यांचें वैर असलेंच पाहिजे असें नाहीं, हें ह्यावरून दिसून येईल.

संस्कृतीची गोष्ट याहून नाजूक आहे. झाड तोडलेलें डोळ्यांस दिसतें. श्रद्धा झिजलेली तितक्या लवकर दिसत नाहीं. भूतानांत ‘त्सेचु’ नांवाचे उत्सव होतात. त्यांत भिक्षु मुखवटे घालून नृत्य करितात, व तें पाहणें हें गांवकरी पुण्य समजतात. अशा ठिकाणीं छायाचित्रें घेणाऱ्यांची गर्दी झाली, म्हणजे नृत्य करणाऱ्याचें लक्ष हळूहळू देवाकडून प्रेक्षकांकडे वळूं लागतें. पुढें प्रेक्षकांच्या सोईनें वेळ बदलावी, लांबलेला भाग तोडावा असा मोह होतो. आणि एके दिवशीं उत्सवाचा तमाशा होतो. हा धोका ओळखून १९८८ सालीं कित्येक मठ व मंदिरें परदेशी प्रवाशांस बंद करण्यांत आलीं. पारोजवळील कड्याला घरट्याप्रमाणें चिकटलेल्या तक्तसांग मठाची स्थापना १६९२ सालची. १९९८ सालीं तो आगींत भस्म झाला व पुढें २००५ पर्यंत जुन्याबरहुकूम पुन्हां उभारण्यांत आला. तेथें आजही प्रवाशास जातां येतें; मात्र छायाचित्रणाचें यंत्र दारापाशीं ठेवावें लागतें. अर्थात् सर्वच बदल प्रवाशांमुळें होतात असें म्हणणें अन्यायाचें होईल. १९९९ सालीं भूतानांत दूरचित्रवाणी आली. तिनें घरोघरीं जें जग नेलें तें थोड्याशा प्रवाशांना नेतां आलें नसतें.

आतां सरहद्दीकडे वळूं. कारण येथें हा विषय आपणां भारतीयांपर्यंत येऊन भिडतो. पश्चिम बंगालमधील जयगांव आणि भूतानांतील फुंटशोलिंग हीं दोन गांवें एकमेकांस खेटून आहेत. मध्यें एक रंगीत वेस आहे इतकेंच. भारतीयांस भूतानांत जाण्यास प्रवेशपत्रिका लागते, पण व्हिसा लागत नाहीं. पारपत्र किंवा मतदार-ओळखपत्र पुरतें. भूतानचें न्गुल्त्रम हें नाणें रुपयाच्या बरोबरीचें आहे. ह्या सलोख्यामुळें परदेशीयांवरील दैनिक आकार भारतीयांस बरींच वर्षें माफ होता. परिणाम असा झाला कीं, २०१९ सालीं आलेल्या सुमारें ३ लाख १५ हजार प्रवाशांपैकीं जवळजवळ तीनचतुर्थांश शेजारच्या देशांतील, आणि त्यांतही मुख्यत्वें भारतांतील होते. जेथें एकंदर लोकवस्तीच आठ लाखांच्या आंत, तेथें ही संख्या केवढी होते, तें विद्यार्थ्यांनीं ताडून पाहावें.

त्याच वर्षीं एक खेदजनक प्रकार घडला. थिंफूजवळच्या दोचुला खिंडींत १०८ चोर्तेन, म्हणजे लहान स्तूप, आहेत. भूतानच्या जंगलांत तळ देऊन बसलेल्या आसामकडील सशस्त्र टोळ्यांस हुसकावतांना २००३ सालीं जे सैनिक पडले, त्यांचें तें स्मारक आहे. भारताच्या शत्रूंशीं लढतांना पडलेल्या वीरांच्या ह्या स्मारकावर एक भारतीय प्रवासी छायाचित्रासाठीं पाय देऊन उभा राहिला! तेथील लोकांस किती दुःख झालें असेल तें सांगावयास नको.

२०२० सालीं भारतीयांवरही कर बसविण्याचा कायदा झाला. तोंच महामारी आली व सरहद्द बंद झाली. ती २३ सप्टेंबर २०२२ रोजीं उघडली, आणि तेव्हांपासून भारतीय प्रवाशास दर रात्रीस १,२०० रुपये पडूं लागले. सहा ते बारा वर्षांच्या मुलांस अर्धा आकार, त्याहून लहानांस माफी. म्हणजे आईबाप व दहा वर्षांचें एक मूल चार रात्री राहिलें, तर बारा हजार रुपये केवळ उंबरठ्याचे झाले. भाडें व जेवण निराळेंच.

येथें दुसरी बाजू विसरून चालणार नाहीं. हा कर श्रीमंतास जाणवत नाहीं. शाळामास्तराच्या किंवा कारकुनाच्या कुटुंबास मात्र जाणवतो. जो अधिक पैसे देतो तो अधिक सभ्य असतो असा कांहीं नियम नाहीं. उलट पक्षीं, पाहुणे घटले कीं भूतानांतील खाणावळवाला, वाटाड्या व मोटारहांक्या ह्यांची चूल थंडावते. २०२३ सालीं प्रवासी केवळ लाखभर आले, आणि सरकारला परदेशीयांवरील कर निम्म्यावर आणावा लागला. ह्याच काळांत हजारों सुशिक्षित तरुण भूतान सोडून ऑस्ट्रेलियास गेले. जयगांवच्या दुकानदारांसही बंद वेशीची झळ लागली. आणखी एक गोष्ट सांगणें प्राप्त आहे. संस्कृतिरक्षणाचा आग्रह नेहमीं सौम्यच राहतो असें नाहीं. १९९० नंतरच्या वर्षांत दक्षिण भूतानांतील सुमारें एक लाख नेपाळीभाषक लोकांस देशाबाहेर जावें लागलें, आणि नेपाळांतील छावण्यांत त्यांचीं कित्येक वर्षें गेलीं. पाहुण्यासाठीं घातलेला उंबरठा निराळा, आणि घरच्याच माणसास परकें ठरविणारी भिंत निराळी. पहिला शहाणपणाचा असूं शकतो. दुसरीचें समर्थन करतां येत नाहीं.

तात्पर्य, उंबरठा असणें हा पाहुणचाराचा अभाव नव्हे. तो पाहुणचाराचाच भाग होय. मात्र तो किती उंच असावा हें एकदांच ठरवून भागत नाहीं. पक्षी, मठ, शेतकरी, खाणावळवाला व शेजारी ह्या सर्वांकडे पाहून तो वेळोवेळीं तपासावा लागतो. आणि भूतान तेंच करीत आहे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यांतील कित्येकजण मोठेपणीं दूरदूरचे देश पाहतील, आणि ते अवश्य पाहावेत. त्या वेळीं एवढेंच ध्यानांत असूं द्या कीं, कर भरला म्हणजे पाहुण्याचें कर्तव्य संपत नाहीं. पैशानें वेस उघडते; यजमानाचें मन उघडण्यास नम्रताच लागते. ज्या देशांत प्रत्येक पाहुणा ती बरोबर घेऊन येईल, त्या देशास आपला उंबरठा उंच करण्याचें कारणच उरणार नाहीं.